साठच्या जागी एकशेवीस

जामखेडच्या त्या शाळेत मी कॉम्प्युटरची बाई म्हणून लागले, तेव्हा माझं वय बावीस होतं आणि नेमणूक अकरा महिन्यांची. खोली एक, यंत्रं तीन, त्यांतलं एक बहुतेक वेळा बंद. पाचवीची पोरं चपला बाहेर काढून, हात मागे बांधून आत यायची.

मी त्यांना लोगो नावाची संगणकाची भाषा शिकवायचे. पडद्यावर एक कासव असतं. किती पुढे जायचं, किती अंशांनी वळायचं, हे ओळीओळीने सांगितलं की ते रेघ सोडत चित्र काढतं. चित्र बिघडलं की पोरं घाईघाईने सगळं पुसून टाकायची. चूक म्हणजे छडी, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून मी पुसायलाच बंदी घातली. बिघडलेला प्रोग्राम कागदावर उतरवायचा आणि मैदानात जायचं. एकाने ओळी वाचायच्या, दुसऱ्याने कासव होऊन चालायचं. पाय भलतीकडे गेला की थांबायचं आणि त्या ओळीवर बोट ठेवायचं. चूक कुणाची हे विचारायचं नाही, कुठल्या ओळीत ते विचारायचं.

यात एक मुलगी सगळ्यांच्या पुढे गेली. बुद्धविहारामागच्या वस्तीतली, बारीक अंगाची. वडील नगरला नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, रविवारपुरते घरी यायचे. ती डोळे मिटून नुसत्या ओळी ऐकायची आणि म्हणायची, "बाई, चौथीत गडबड हाय." असायचीच.

जानेवारीत संगणक कक्षाचं रीतसर उद्घाटन ठरलं. पाहुण्यांना दाखवायचा प्रोग्राम संस्थेच्या सचिवांच्या पुतण्याने लिहिला. तो पुण्यात इंजिनिअरिंगला होता. पडद्यावर घर निघणार होतं, खाली चौकोन, वर छप्पर. मला तो आधी बघूही दिला नाही.

पाहुण्यांनी बटण दाबलं. चौकोन झाला. छपराची एक बाजू चढली आणि दुसरी खाली यायच्या ऐवजी सरळ आडवी हवेत गेली. पुतण्याने ओळी पडद्यावर आणून बघितल्या, पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. पाहुण्यांनी सहज विचारलं, "काय झालं रे बाळांनो?"

त्या पोरीने हात वर केला. "छपराच्या दुसऱ्या ओळीत साठ लिवलंय, तितं एकशेवीस पायजे. आतला कोन साठ असतोय, पर कासवाला बाहेरून वळावं लागतंय. आमी चालून बघितलंय."

"मग कर बघू दुरुस्त," पाहुणे म्हणाले.

तिने एक आकडा बदलला. छप्पर जुळलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, तिच्या पाठीवर थाप दिली आणि कुणी शिकवलं ते विचारलं. तिने माझ्याकडे बोट केलं. मी हसले. माझ्या आयुष्यातलं तेवढं एक मिनिट मला कुणी काढून घेऊ शकणार नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. समोर टाइप केलेला कागद होता. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्या विद्यार्थिनीने विनापरवानगी यंत्राला हात लावला, त्यामुळे प्रोग्राम बिघडला आणि कार्यक्रमात व्यत्यय आला, असा मजकूर. खाली माझं नाव, सहीपुरती जागा.

"सर, हे खरं नाही. ती सकाळी माझ्यासमोर वर्गात होती."

"बाई, जूनमध्ये तुमची ऑर्डर पुन्हा काढायची की नाही, हे सचिवसाहेब ठरवणार. पोरीला कोण फासावर देतंय? कॉम्प्युटरला बसायचं नाही, एवढंच." मग आवाज उतरवून म्हणाले, "या लोकांना इतकं डोक्यावर घेऊ नये."

मी सही केली. भांडले नाही, रडले नाही, विचार करायला एक दिवसही मागितला नाही. घरी नोकरीची गरज होती, असं मी पुढे अनेकांना सांगितलं. होतीही. पण सही करताना मला घर आठवलं नव्हतं; मी फक्त घाबरले होते.

वर्गात तो कागद वाचून दाखवला गेला. सुट्टीत ती माझ्याजवळ आली. रडलेली नव्हती.

"बाई, माझी चूक कुठल्या ओळीत हुती?"

मी म्हणाले, "वर्गात जा. घंटा होईल." घंटेला अजून दहा मिनिटं होती.

त्यानंतर ती खोलीत आली नाही. बाकीची पोरंही बदलली. चित्र बिघडलं की पुन्हा पुसू लागली, विचारलं तर एकमेकांकडे बोट दाखवू लागली. फेब्रुवारीपासून मला टायपिंगचा सराव घ्यायला सांगण्यात आलं. मी तो घेतला. जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली नाहीच. त्या जागी सचिवांच्या नात्यातली एक मुलगी आली.

सामान घेऊन मी नगरच्या एसटीची वाट बघत उभी होते, तेव्हा डब्याची पिशवी घेतलेला एक माणूस जवळ आला. कामावर परत निघालेले तिचे वडील. त्यांनी हात जोडले.

"बाई, पोरीनं तुमची मशीन बिघडवली म्हणं. लई वाईट वाटलं बगा. म्या बोललो तिला, मारलं बी. ल्हान हाय, मनावर घेऊ नगा."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. गाडी लागायला वेळ होता, आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, आणि मला तर नोकरीही उरली नव्हती.

"असू द्या," मी म्हणाले.

ते समाधानाने मान हलवून रांगेत जाऊन उभे राहिले.