साहेबांची लाडकी मिरची

"हा डागवाला ट्रे उचला आणि जाळून टाका," साहेब म्हणाले. "बायकांना तो हिरवा द्या."

मी जागचा हललो नाही. त्यात शौर्य काही नव्हतं. चप्पल चिखलात रुतली होती.

अहेरीजवळच्या आमच्या रोपवाटिकेत मी झाडांच्या रोगांचा डॉक्टर. घरचा कढीपत्ता माझ्या हातून वरचेवर मरतो, म्हणून बायको हे पद मानत नाही. शेडमध्ये मिरचीच्या दोन जाती होत्या. एक साहेबांनी हौसेनं आणलेली, दुसरी आमच्या भागातली. ताराबाईंचा बचत गट रोपं न्यायला आला होता. शेत तयार होतं. रोगट रोप गेलं की त्यांचा हंगाम बुडाला.

साहेबांची मिरची लांबून हिरवीगार. जवळून पाहिलं तर पानांवर फिकट-गडद चट्टे. याला मोझॅक म्हणतात, व्हायरसचं काम. आमच्या भागातल्या मिरचीवर नुसते तपकिरी ठिपके, आणि वरची नवी पानं स्वच्छ.

"साहेब, डागवालीच द्यायची."

"डोळे तपासून घ्या एकदा."

मग मी समजावलं. व्हायरस पेशीत शिरतो, तिच्याच सामानावर आपल्या प्रती काढतो आणि शेजारच्या पेशीत सरकतो. पण काही झाडांत एक पहारेकरी प्रोटीन असतं. ते व्हायरसचं कवच ओळखतं. ओळखलं की तिथल्या पेशी आपणहून मरतात आणि व्हायरस तिथंच कोंडला जातो. ठिपका म्हणजे ती मेलेली जागा. साहेबांच्या जातीत हा पहारेकरीच नाही, म्हणून व्हायरस झाडभर मोकाट.

ताराबाईंचे यजमान वनखात्यात मजुरीला जातात. त्या म्हणाल्या, "वणवा थांबवायले जाळरेषा काढतेत, तसंच होय न भाऊ?"

"तसंच."

"मंग काऊन जाळता जी साहेब? जाळून तं झालं थे!"

साहेब हसले, पण हटले नाहीत. "आपल्या शेडमध्ये व्हायरस आला कुठून?"

मला हाच प्रश्न नको होता. हा व्हायरस तंबाखूत टिकून राहतो आणि हातानं पसरतो. साहेब रोज सकाळी प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटायचे, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना. मग त्याच हातानं लाडक्या मिरचीचं एकेक पान कुरवाळायचे. जाता जाता दुसऱ्या ट्रेलाही थोपटायचे. शेवटी हेही सांगावं लागलं.

"म्हणजे मलेच चोर ठरवून राह्यले तुम्ही?" भडकले की साहेबांची पुस्तकी भाषा सुटते.

"उद्या खर्रा घोटला की शेडमध्ये यायच्या आधी हात धुवा साहेब. ते पाणी तपासू."

ताराबाई चार-आठ दिवस थांबायला कबूल झाल्या. खर्ऱ्याच्या हाताचं पाणी मी डागवाल्या जातीच्या एका स्वच्छ रोपावर, पानाला बारीक ओरखडे पडून व्हायरस आत शिरावा म्हणून खरखरीत पूड लावून चोळलं. दुसऱ्या रोपावर तशीच पूड, पण नुसतं साधं पाणी. काही दिवसांनी पहिल्यावर ठिपके उठले. दुसरं कोरं.

साहेबांनी ते पान वाकून पाहिलं. मग लाडके ट्रे स्वतः उचलून खड्ड्यात नेले. काडीही त्यांनीच ओढली. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

डागवाली रोपं गटाच्या शेतात लागली. मिरची चांगली आली. ताराबाईंनी साहेबांसाठी पिशवीभर आणली, पण हातात न देता टेबलावर ठेवली.

साहेबांचा खर्रा काही सुटला नाही. हात दुधात बुडवले तर हा व्हायरस बराच आटोक्यात राहतो, हे मीच शहाणपणा करून सांगितलं. आता शेडच्या दाराशी दुधाचा वाडगा असतो, आणि ऑफिसात आम्ही सगळे काळा चहा पितो.