पुठ्ठ्याच्या कारखान्यावरचा लेख

आमच्या घरात भित्रेपणाचा विषय निघाला की पोरं माझ्याकडंच बघतात. बघू देत.

नव्वद सालानंतर मी शिरूरजवळ एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात कारकून होतो, तोही टेंपररी. दिवाळीला कायम करतो असं मालक म्हणाले होते, फक्त त्याआधी एक काम करायचं होतं. पुठ्ठेवाल्यांच्या मासिकात आपल्या कारखान्यावर कुणा जाणकाराचा लेख यायला हवा होता. जाणकार माझ्या नात्यातच निघाला. बायकोचे मामा दौंडला रेल्वेतून निवृत्त झाले होते. जन्म बॉयलरवर गेलेला, आणि अधूनमधून असल्या मासिकांत लिहायचे.

"जावईबापू, इषय काय घ्यायचा?" त्यांनी विचारलं.

आता मामेसासऱ्यांना विषय सांगणारा मी कोण? "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, मामा," म्हणालो. जावयाला दुसऱ्यांदा विचारणं त्यांनाही बरं वाटेना. दोघांनी एकमेकांचा मान राखत चहा घेतला आणि विषय तसाच राहिला.

मामा एक दिवस येऊन कारखाना बघून गेले. पंधरा दिवसांनी लेख आणायला मी दौंडला गेलो आणि परतीच्या एसटीत तो वाचायला घेतला. मालकांचं नाव कुठंच नव्हतं, नव्या मशिनचं कौतुकही नाही. जुन्या इंजिनांच्या आठवणी होत्या आणि मग सगळा आमच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व. वाफ फार झाली की तो आपोआप उघडून ती बाहेर सोडतो. वाफ वाया जाते म्हणून आमच्याकडं तो उघडूच नये यासाठी त्याच्या दांड्याला एक लोखंडी तुकडा तारेनं बांधला होता. मी तो रोज बघायचो. बॉयलरचाच भाग असेल, असं धरून चाललो होतो. मामांनी लिहिलं होतं की हे असंच चाललं तर एक दिवस बॉयलर फुटेल आणि शेजारची भिंतसुद्धा उभी राहणार नाही. ती भिंत माझ्या खुर्चीमागची. थंडीत पाठ शेकते म्हणून दुसऱ्या कारकुनाशी भांडून मी ती जागा मिळवली होती.

मी घाबरलो. आधी नोकरीसाठी, मग पाठीसाठी. वाटेत चौफुल्याला उतरून दौंडची उलटी गाडी धरली.

मामा जेवत होते. लेख फार छान आहे, पण मालकांना जरा वेगळं हवं होतं, प्रगतीबिगती, असं मी चाचरत सांगितलं. मामांनी हात धुतले.

"मंग तवाच सांगायचं व्हतं की. मी इषय इचारला, तुम्ही मान दिला. मानावर लेख व्हतो व्हय?" त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. "आता लिवा, एका वळीत. प्रगती म्हणाल तर प्रगतीवर देतो."

जावयाला आधी जेवू तरी घाला, असं मामी आतून म्हणाल्या.

पेन धरून मी बसून राहिलो. 'प्रगती' लिहिलं की दिवाळीला कायम. पण सकाळी त्याच भिंतीला टेकायचं होतं. आणि पलीकडं बॉयलरच्या भट्टीत उसाचं चिपाड टाकणारी चार माणसं तर दिवसभर तिथंच उभी असायची. अक्षर वेडंवाकडं आलं: 'सेफ्टी व्हॉल्वला वजन का बांधू नये'. मामांनी ते वाचलं, इंजिनांच्या आठवणींची दोन पानं काढली आणि माझी ओळ मथळा म्हणून वर घातली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी लेख माझ्यासमोरच वाचला. मामा म्हातारे, विषय त्यांनीच काढला, मी काय करणार, असं सांगायचं मी वाटेत पाठ केलं होतं.

"हा विषय कुणी दिला?"

"मी," म्हणालो. आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांनी 'काय?' म्हणून विचारलं, तेव्हा तेच परत सांगावं लागलं.

मग फिटरला बोलावून त्यांनी ती तार सोडायला सांगितली. लेख त्यांच्या टेबलाच्या खणात गेला, मासिकाकडं नाही. दिवाळीला मला कायम केल्याचं पत्रही आलं नाही. बायकोला हे सांगायची हिंमत मला आठ दिवस झाली नाही. शेवटी मी मामांना सांगितलं, आणि तिला त्यांनीच कळवलं.