राजपुत्राचा टुरिस्ट व्हिसा

फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाऊसच्या भिंतीला लागून एक राजपुत्र राहतो, हे मला चार वर्षं माहीतच नव्हतं. वाटायचं, असतील कुणाचे तरी आजोबा, सकाळी स्वेटर घालून मिरच्यांच्या कुंड्यांना पाणी घालणारे. एकदा त्यांचं पार्सल आमच्या दारात पडलं होतं ते द्यायला गेले, तर त्यांच्याकडे लाओसची माणसं जमलेली. एका म्हातारीने माझा कुर्ता ओढून मला खाली बसवलं. राजपुत्राच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर असू नये म्हणे. दिवसभर मीटिंगा करून आलेली मी, दुखरे गुडघे मुडपून जमिनीवर. चिडलेच जरा.

हळूहळू ओळख वाढली. राजघराण्यात जन्म, तरुणपणी निवडणूक लढवली, मंत्री झाले, आणि राज्य उलटलं तेव्हा होडीने सीमेवरची नदी ओलांडून निघाले ते निघालेच. त्याला पन्नास वर्षं होत आली. मी त्यांना काका म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि म्हणाले, चालेल, ‘युअर हायनेस’पेक्षा आटोपशीर आहे. इथल्या लाओ लोकांच्या संघटनेचे ते अध्यक्ष. दर महिन्याला भाड्याच्या हॉलमध्ये राजेशाहीचा जुना झेंडा लावून भाषण करायचे: तिकडचं सरकार मला अजून घाबरतं, म्हणून मला देशात पाऊल ठेवू देत नाही. दोनदा मीच त्यांना ड्राइव्ह करून नेलं. ऐकायला पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी पेंगलेली.

यंदा तिकडे त्यांची थोरली बहीण पडली. नव्वदी ओलांडलेली बाई, अंथरुणाला खिळली. फोनवर तिचा एकच धोशा, मी आहे तोवर एकदा येऊन जा. काका लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. माझ्याकडेच का, तर व्हिसाचे फॉर्म भरण्यात आम्हा लोकांचा हात कोण धरणार! बारा वर्षं मी ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. परतताना पासपोर्टवरचं व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर नोकरी जाईल, या भीतीने तीनदा नागपूरचं तिकीट कॅन्सल केलंय.

व्यवसायाच्या रकान्यात मी गुपचूप ‘निवृत्त’ निवडलं. काकांनी लगेच हटकलं. सगळं लिहायचं म्हणाले: राजपुत्र, माजी मंत्री, संघटनेचा अध्यक्ष. मी समजावलं, अहो, बहिणीला भेटायचंय ना? मग कशाला विस्तवाशी खेळ? त्यांनी ऐकलं नाही.

“नाकारू देत,” ते म्हणाले. “पण कुणाला नाकारतायत, ते त्यांना कळलं पाहिजे.”

यादीत राजपुत्र असा पर्याय कुठून असणार? ‘इतर’ निवडलं. खालच्या चौकटीत अक्षरं मोजकीच मावत होती. कुठली पदवी गाळायची यावर त्या माणसाने माझी अख्खी शनिवारची दुपार खाल्ली. कपडे मशीनमध्ये तसेच आंबले. शेवटी सगळं कोंबलं आणि सबमिट केलं. जाताना त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. व्हिसा नाकारल्यावर हॉलमध्ये करायचं भाषण तयार होतं. मला हसूही आलं आणि रागही. तिकडे ती म्हातारी वाट बघतेय आणि यांचं आपलं राजकारण!

तिसऱ्या दिवशी व्हिसाची ईमेल माझ्याकडे आली. मी धावत त्यांच्याकडे गेले. मंजूर, पर्यटक, मुक्काम तीस दिवस. मला खरंच भरून आलं. वाटलं, यार, कुणाचं तरी इतकं सहज झालं! काकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, आपण भरलेलं दाखव. मी दाखवलं. राजपुत्र, माजी मंत्री, अध्यक्ष, सगळं जसंच्या तसं होतं.

“म्हणजे त्यांनी वाचलं,” ते म्हणाले, “आणि तरी ये म्हणाले.”

मी म्हटलं, चांगलंच झालं की, आता बहीण भेटेल. त्यांनी विचारलं, हे असं ऑनलाइन मागायची सोय कधीपासून आहे? मी शोधून सांगितलं, बरीच वर्षं झाली. आणि त्याच्या आधी? आधीही वकिलातीत अर्ज करता यायचाच, मी म्हटलं, तुम्हाला किती वेळा नाकारला?

काकांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

“माझी आई अकरा वर्षांपूर्वी गेली,” ते म्हणाले. “मी हॉलमध्ये सांगितलं, मला तिच्या अंत्यसंस्काराला जाऊ दिलं नाही. लोक रडले. मी विचारलंच नव्हतं.”

मी खाली मान घालून विमानाची तिकिटं बघायला लागले. आधी त्यांचं बघितलं, मग नागपूरचं.