सोलोमोनाची जाड तार

उलुलानीला क्लेटनचा पहिला संशय आला तो त्याच्या नखांवरून. उजव्या हाताच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं नख वाढवून, घासून गुळगुळीत केलेलं, बाकीची मात्र बोटाबरोबर कापलेली. गिटार वाजवतोस का, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. छे, म्हणाला, चर्चमध्ये कधीतरी ती चार तारांची छोटी उकुलेले, तेवढंच. अठ्ठावन्न वर्षांच्या बाप्याने अडुसष्ट वर्षांच्या बाईला सांगायची ही थाप नव्हे. उलुलानी हसली आणि त्या दिवसापासून त्याच्यावर नजर ठेवून राहिली.

दोघं कामाला होती ते हवाईतल्या हिलो गावचं रेडिओ केंद्र म्हणजे पत्र्याखालच्या तीन खोल्या. पावसाने जोर धरला की निवेदकाने गप्प बसायचं आणि तबकडी लावायची. गाणी फक्त हवाईची, बोलणं होईल तितकं हवाईयन भाषेत. सकाळी सहा ते दहा उलुलानीची वेळ. कोणाच्या बाळाचं वर्ष भरलं, कोण वारलं, कोणाचे हरवलेले कुत्रे सापडले, हे तीस वर्षं गावाला तिच्या तोंडून कळत आलं होतं. आणि शुक्रवारी नऊ वाजता ती वडिलांची गिटार घेऊन त्यांची एक धून वाजवायची.

त्याआधी सगळ्यांना बाहेर काढायची. वडिलांची, म्हणजे सोलोमोनाची, तारा लावायची रीत वेगळी होती. तारा नेहमीपेक्षा ढिल्या, पण कुठली किती ढिली हे घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. तशा रीती इथे घरोघरी असतात आणि लोक त्या दागिन्यांसारख्या जपतात. सोलोमोना तर वाजवून झालं की गिटार खाली ठेवण्याआधी साऱ्या तारा सैल करून टाकायचा, पाहुणा सख्खा मेहुणा का असेना. त्याने ती रीत फक्त मुलाला दिली. मुलगा समुद्रात बुडून गेला, त्यानंतर सोलोमोनाने घरात गिटार लावलीच नाही. उलुलानीला जे आलं ते लहानपणी स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावून. कोणी शिकवत असेल तर बघावं, ऐकावं आणि तोंड बंद ठेवावं, हेच तिला शिकवलं होतं. म्हणून तिने कधी विचारलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. वडिलांचं जे काही जगात उरलं होतं ते एवढंच, आणि ते तिच्याकडे होतं.

आता हा क्लेटन मेदेरोस. साखर कारखाना बंद पडल्यावर पुष्कळ वर्षं ट्रक चालवला आणि सात महिन्यांपूर्वी केंद्रातल्या जुन्या फिती संगणकात घ्यायला इथे आला. आल्याच्या आठवड्यातच त्याने विचारलं, "आंटी, तुमच्या बाबांच्या वाजवण्याची एक फीत आहे म्हणतात. ती कधी देताय?" त्या फितीच्या कपाटाची किल्ली उलुलानीच्या गळ्यात असे. बाप गेल्यापासून तिने ती फीत ऐकली नव्हती, तिला ती ऐकवतच नव्हती. याला कोणी सांगितलं? शिवाय दर शुक्रवारी तो तिच्यासाठी गरम मालासादा आणायचा, म्हणजे मैद्याचे तळून साखरेत घोळवलेले गोळे. एवढं गोड उगाच कोणी वागत नाही, असं म्हणत ती दोन खायची.

सगळ्यात वाईट म्हणजे शुक्रवारी तिची धून चालू असताना तो काचेपलीकडे उभा राहायचा आणि मध्येच तोंड वाकडं करायचा. नेहमी त्याच जागी.

शेवटी तिने सापळा लावला. गुरुवारी सराव करून घरी जाताना गिटार नेहमीसारखी सैल न करता लावलेलीच स्टुडिओत ठेवली, मात्र दुसरी तार मुद्दाम जराशी उतरवून. चोराने ही जुळणी उचलली तर तो चुकीचीच उचलेल, आणि जिथे ती चूक वाजेल तिथे त्याची मान धरता येईल. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ती त्या रात्री छान झोपली.

शुक्रवारी तिने दार लावून तारा छेडल्या. दुसरी तार बरोबर होती. कोणीतरी ती वर चढवली होती. ज्याला रीत आधीच ठाऊक आहे तोच चूक दुरुस्त करू शकतो. मग तिने सगळ्यात जाड तार छेडली. तीही हलवलेली होती, चांगली खाली उतरवलेली. सापळा लावताना त्या तारेला तर तिने हातही लावला नव्हता.

तिने एक लांब तबकडी लावली आणि क्लेटनला आत बोलावलं.

"गिटारला हात कोणी लावला?"

"मीच." त्याने मान खाली घातली. "तुम्ही काल तारा सैल करायला विसरलात. दुसरी तारही उतरली होती. मला वाटलं, आंटींचं वय झालं, आता विसरायला लागल्या. गावासमोर तुमचं हसं नको म्हणून लावून ठेवली."

"आणि जाड तार?"

"ती तुमची पहिल्यापासून चुकते, आंटी. मोठ्यांना कसं सांगायचं? तीस वर्षं ट्रकमध्ये ऐकतोय. तुमचे बाबा कारखान्यात माझ्या पाळीत होते. तुमचा भाऊ गेल्यावर ते घरी वाजवत नसत, आमच्या गॅरेजमध्ये येऊन वाजवायचे. एक दिवस म्हणाले, इकडे ये, बघ. आणि कोणाला सांगू नकोस म्हणाले. म्हणून नाही सांगितलं. फीत मागितली ती त्यासाठीच, ऐकून तुमचं तुम्हालाच कळलं असतं."

"खोटं बोलतोस," उलुलानी म्हणाली. तिला ते खोटंच असायला हवं होतं. परक्या पोरग्याला दिलं आणि मुलीला नाही, याचाच तिला राग आला होता. तिने गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि एकतीस वर्षांनी ती फीत यंत्रावर चढवली.

बाप वाजवायला लागला. ती कान देऊन जाड तारेची वाट बघत राहिली. ती वाजली तशी तिने मांडीवरच्या गिटारची तीच तार छेडली. दोन्ही आवाज एकात एक मिसळले, तसूभरही फरक नाही.

भिंतीतून हा खालचा सूर नुसता घुमल्यासारखा यायचा, नेमका तिला कधी कळलाच नव्हता. आपल्या वाजवण्यात काहीतरी उणं आहे हे तिला आयुष्यभर जाणवत होतं. तिला वाटायचं, आपली बोटंच बाबांसारखी नाहीत.

नऊ वाजत आले होते. क्लेटन रिवाजाप्रमाणे बाहेर जायला निघाला. उलुलानीने सहाही तारा सैल केल्या आणि गिटार त्याच्यापुढे धरली.

"बस," ती म्हणाली. "पहिल्यापासून लाव. सावकाश. मला बघू दे."