हाकललं तर कुठे जाणार?

लुब्लिन शहरात ट्रॉलीबस चालवणाऱ्या ल्युत्सिनाला नवं घर मिळालं होतं आणि मिळालंही नव्हतं. दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, डेपो पायी जाण्याच्या अंतरावर. ती राहत होती ते घर जुन्या मालकाने विकायला काढलेलं, त्यामुळे तिला मुक्काम हलवणं भागच होतं. पन्नाशी आली तरी बाईचं बिऱ्हाड अजून पाठीवरच.

नव्या घराचा मालक तरुण, गोडबोल्या आणि भलता सावध. म्हणाला, "मॅडम, करार नोटरीसमोर करू. उद्या तुम्हाला बाहेर काढायची वेळ आली, तर कुठे राहाल तो पत्ता द्यायचा. आणि त्या घराच्या मालकाची लेखी संमती आणायची. कायद्यातच आहे तसं. सोमवारपर्यंत आणा, नाहीतर दुसरे लोक थांबलेत."

आता गंमत बघा. हक्काने जाऊन राहता येईल असं घर असतं, तर ही बाई भाड्याच्या खोल्या शोधत कशाला फिरली असती? पण हा कायदा मालकांना शांत झोप लागावी म्हणून केलेला. भाडेकरूच्या झोपेचं कोण बघतो?

तिने आधी गावाकडच्या भावाला फोन लावला. भाऊ हो म्हणाला आणि लगेच वहिनीने फोन हातात घेतला. "वन्सं, तुम्ही काय आम्हाला परक्या आहात का? पण एकदा तुमच्या नावाची नोंद आमच्या पत्त्यावर झाली, की मग..."

"अगं, ही नोंद नव्हे. नुसती संमती आहे."

"तेच ते. सही ती सही."

त्या देशात हा समज लोकांच्या हाडीमाशी खिळलाय. पत्त्यावर कुणाची सरकारदरबारी नोंद झाली की ते माणूस जन्मात घराबाहेर निघत नाही, उलट घरच गिळून बसतं. कायदा असलं काही म्हणत नाही, पण शिकलेसवरलेलेही भितात. डेपोतल्या मैत्रिणीनेही हाच पाढा वाचला आणि वर कांद्याची गरम पोळी खायला दिली. ल्युत्सिनाने ती खाल्ली. राग पोळीवर कशाला काढायचा?

उरली एकच व्यक्ती, आणि तिला विचारायचं ल्युत्सिनाने सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. स्टेफानिया, तिची पूर्वीची सासू. फ्लॅट स्वतःच्या मालकीचा आणि जीभ धारदार. ल्युत्सिना लग्न होऊन त्या घरात गेली, तेव्हा याच बाईने सुनेची नोंद आपल्या पत्त्यावर करायला साफ नकार दिला होता. त्या घरात ती पाहुण्यासारखी नांदली. पुढे नवरा, वितेक, दुसरीबरोबर नॉर्वेला निघून गेला आणि घटस्फोट झाला. तेव्हापासून म्हातारी बाजाराला जाताना ल्युत्सिनाच्या बसमध्ये चढलीच, तर मागच्या दाराने चढायची. नजरेला नजर नको.

तरी शुक्रवारी ल्युत्सिनाने मनाचा हिय्या करून फोन लावला. "नमस्कार मॅडम, मी ल्युत्सिना..."

"मॅडम? इतकी वर्षं आई म्हणायचीस, आता मॅडम झाले होय मी?"

ल्युत्सिनाने एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून "बघते" एवढंच, आणि फोन बंद. या बाईचं "बघते" म्हणजे "नाही", हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. स्वयंपाकघराच्या त्या खिडकीवर तिने मनातल्या मनात पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या थांब्यावर म्हातारी पुढच्या दाराने चढली आणि चालकाच्या काचेवर टकटक केली.

"सोमवारी किती वाजता?"

"आई, तुम्ही खरंच येणार?"

"तेव्हा मी नाही म्हटलं होतं, माहितीय मला. उकरून काढू नकोस. धास्ती होती, तुम्ही दोघं मिळून मला घराबाहेर काढाल. आणि निघून गेला तोच. चल, दार लाव, लोक खोळंबलेत."

ल्युत्सिनाने दार लावलं. तिला इतकं हायसं वाटलं की पुढच्या थांब्यावर ते उघडायचंच ती विसरली. उतारूंनी मनसोक्त शिव्या घातल्या. तिला त्यासुद्धा गोड लागल्या.

सोमवारी म्हातारी ठेवणीतला कोट घालून नोटरीच्या कार्यालयात हजर. नोटरीने कागद सावकाश वाचून दाखवला. "आजी, अर्थ समजला ना? यांना घर सोडावं लागलं, तर या तुमच्याकडे राहायला येतील."

"बहिरी नाही मी."

"आणि या तुमच्या कोण?"

ल्युत्सिनाने मान खाली घातली.

"सून," म्हातारी म्हणाली.

तरुण मालक गडबडला. "पण यांचा तर घटस्फोट झालाय ना?"

"तो माझ्या मुलाने घेतला," म्हातारी सही करता करता म्हणाली. "मी कधी घेतला?"

ल्युत्सिना तिथेच, त्या अनोळखी माणसांसमोर, हमसाहमशी रडली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"रडतेस काय? किल्ल्या घे आधी," सासूने खडसावलं, आणि तिने डोळे पुसून किल्ल्या घेतल्या.