तोवारूंचा अनिरुद्ध

आमच्या अनिरुद्ध ओव्हाळने तारुण्यातली सगळी वर्षं ज्या जमातीची चित्रं काढण्यात घालवली, ती जमात कुठल्याही ग्रहावर अस्तित्वात नाही. तिचं नाव तोवारू. चार हात, प्रत्येक हाताला तीन बोटं, पुढे आलेली लांब मान, पापण्या नसलेले डोळे आणि गळ्याभोवती माशाच्या कल्ल्यांसारखी सतत हलणारी झालर. एका जपानी कार्टून मालिकेत एक अवाढव्य जहाज ग्रहाग्रहांवरून फिरत असतं, त्याच्या तळाशी हे तोवारू राबत असतात. त्यांना वरच्या मजल्यावर यायची परवानगी नसते. हल्लीची मुलं अशा मालिकांना ॲनिमे म्हणतात आणि त्यांच्यावर जेवणं विसरून वाद घालतात. आम्ही आपलं त्याला ‘जपानचं काम’ म्हणायचो.

जपानचं काम पुण्यात कसं आलं? एक्क्याण्णव सालानंतर कुठलंही काम कुठेही जायला लागलं, तसंच हेही आलं. अमेरिकेचे हिशेब हिंजवडीला यायच्या आधीच जपानचे तोवारू स्वारगेटला येऊन पोचले होते. तिथे टायरच्या दुकानाच्या वर अनंत देवस्थळी यांचा स्टुडिओ होता. काचेच्या टेबलाखाली दिवे लावून त्यावर कागद ठेवायचे, म्हणजे खालच्या चित्रावरून वरचं चित्र काढता येतं. दिव्याचा उजेड नीट दिसावा म्हणून देवस्थळींनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. खालून दिवसभर एस.टी.चे भोंगे ऐकू यायचे. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते मात्र घरी जाताना कळायचं.

मी तिथे चेकर होते. काढलेले कागद भराभर उलटून पाहायचे, चूक दिसली की परत पाठवायचे, एवढंच काम. चुका काढायला पगार मिळतो म्हटल्यावर सदाशिव पेठेतल्या बाईने आणखी काय मागावं?

अनिरुद्ध सत्त्याण्णवला आला. ताडीवाला रस्त्यावर घर, वडील कचरू ओव्हाळ रेल्वेतून निवृत्त झालेले. मुलाने चित्रकलेचं शिक्षण घेतलं याचं त्यांना कौतुकही होतं आणि धास्तीही. मुलगा शांत, कामाला वाघ. त्याला काम मिळालं मधली चित्रं काढायचं. त्याचं असं असतं की, जपानमधला मोठा चित्रकार हालचालीचं पहिलं चित्र काढतो आणि शेवटचं काढतो. तोवारू उभा आहे, हे पहिलं. तोवारू बसला, हे शेवटचं. मधे तो कसकसा वाकला, ते पुण्यातल्या माणसाने भरायचं. पहिलं चित्र आपण काढावं, ही मधली चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाची इच्छा असते. अनिरुद्धची तर फारच होती. त्याने ती कधी लपवली नाही, आणि देवस्थळींनी कधी मनावर घेतली नाही.

पहिल्याच वर्षी त्याने एक चूक केली. प्रसंग साधा होता. जहाजाच्या तळाशी तोवारू दाटीवाटीने बसलेत आणि त्यांच्यातून वाट काढत एक जण आपल्या जागेवर जाऊन बसतो. मी कागद उलटत होते. तो तोवारू चालता चालता मधेच थांबला, वाकला, बसलेल्या एकाला हात लावला, तो हात आपल्या छातीला लावला आणि पुढे गेला. जपानच्या कागदांत असलं काही नव्हतं. मी अनिरुद्धला बोलावलं.

“हे काय आहे?”

त्याने पाहिलं. त्याला चूक दिसेचना. “अहो ताई, पाय लागला ना त्याचा.”

“कुणाचा?”

“त्या तोवारूचा. दाटीतून जाताना लागणारच की.”

पाय लागला की नमस्कार करायचा, हे आपल्या हाडात इतकं मुरलेलं असतं की आपण ते करतो हेच आपल्या लक्षात येत नाही. परग्रहावरच्या प्राण्याचा पाय लागला तरी अनिरुद्धच्या पेन्सिलीने नमस्कार केला. मी ते कागद घेऊन देवस्थळींकडे गेले. पार्सल न्यायला कुरियरचा माणूस दारात उभा होता. ते म्हणाले, “जाऊ दे. तोवारूच्या पायाकडे कोण बघतंय?”

बघणारा होता. मालिकेचे दिग्दर्शक तानिमोतो यांचा फॅक्स आला की हे कुणी काढलं ते कळवा. देवस्थळींनी अनिरुद्धला केबिनमध्ये घेऊन यथेच्छ झापलं. मग दुसरा फॅक्स आला. तानिमोतोंना ते फार आवडलं होतं. इतकी वर्षं हे प्राणी नुसते गर्दी करायचे, आता त्यांना रीतभात आली, असं काहीसं त्यांनी लिहिलं होतं. यापुढे तोवारू असेच वागतील आणि ते याच माणसाने काढावेत. देवस्थळींनी पेढे मागवले आणि आपण ते कागद मुद्दामच जाऊ दिले होते, असं दुपारपासून सांगायला लागले.

पुढच्या वर्षी तानिमोतो स्वतः पुण्याला आले. अनिरुद्धच्या टेबलाशी बसून त्यांनी दुभाषी बाईंमार्फत विचारलं, ज्याला पाय लागला तो उलट काही का करत नाही? अनिरुद्ध म्हणाला, “त्याने कशाला करायचं? पाय माझा लागला.” तानिमोतो बराच वेळ मान हलवत राहिले. जाताना त्यांनी करारात एक कलम घातलं: तोवारूंची सगळी चित्रं ओव्हाळ यांच्याच हातची हवीत. त्या दिवशी अनिरुद्ध इतका खूश होता की त्याने सगळ्यांना पोटभर मिसळ खिलवली. दार बंद झाल्याचा आवाज आमच्यापैकी कुणालाच आला नाही.

तोवारू जपानमध्ये लोकप्रिय झाले. त्यांच्या बाहुल्या निघाल्या, मालिकेतून सिनेमे निघाले. आधी भागात एखादा प्रसंग असायचा, मग अख्खे भाग तोवारूंचे येऊ लागले. त्या चार हातांनी आणि हलत्या झालरीने माणसाचा जीव जातो. बाकीच्यांना माणसं मिळायची, घोडे, पाऊस, समुद्र मिळायचा. अनिरुद्धला तोवारू.

दोन हजार एक साली देवस्थळींनी कॉम्प्युटर आणले. कागदाचे दिवस संपत आले हे सगळ्यांना दिसत होतं. एकेक जण ट्रेनिंगला बसला आणि शिकून मोठ्या कंपन्यांत गेला. अनिरुद्धने तीनदा विचारलं. शेवटच्या वेळी मी केबिनमध्येच होते.

“सर, मला संध्याकाळचं तरी शिकू द्या.”

“आणि तोवारू कोण काढणार? मी?”

“कुणाला तरी शिकवतो मी.”

“करारात तुझं नाव आहे, राजा. लोकांना अमेरिकेत जाऊन नाव मिळत नाही, तुला स्वारगेटला बसून मिळालं. नशीब काढलंस.” आणि चष्मा पुसायला लागले. एखाद्याला हाकलायचं असलं की देवस्थळी चष्मा पुसत. माझं डोकं फिरलं होतं. अनिरुद्ध फक्त “बरं सर” म्हणाला. त्याच्या या ‘बरं’चा मला देवस्थळींइतकाच राग यायचा.

त्याची बायको दीपाली मात्र ‘बरं’ म्हणणाऱ्यांतली नव्हती. ती एका इस्पितळात नर्स होती. तिनेच कल्याणीनगरच्या एका कंपनीत त्याचा अर्ज पाठवला. तिथे कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचे. चित्र चांगलं असेल तर कॉम्प्युटर आम्ही शिकवू, असं ते म्हणत होते. परीक्षेला सोपं चित्र दिलं: एक म्हातारे गृहस्थ पीएमटी बसच्या पायऱ्या चढतायत.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. म्हणाला, “ताई, मी माणूस काढायला बसलो आणि मान लांब झाली. खोडली, परत काढली, परत लांब. दांडा धरणारा हात काढला तर बोटं तीन. त्यांनी काही म्हणायच्या आधी मलाच दिसलं.” मग हळूच म्हणाला, “माझा हात गेला, ताई.”

हात धडधाकट होता. पण त्या हातातून माणूस निघून गेला होता, आणि हे त्याला अनोळखी लोकांसमोर कळलं. मला भडभडून आलं. चेकरच्या टेबलावर रडायची पद्धत नाही, म्हणून मी कागद उलटत राहिले.

दीपालीने घरी त्याला रडू दिलं आणि रविवारी सकाळी मंडईत नेऊन बसवलं. “माणसं काढा,” म्हणाली. “इथे हवी तेवढी आहेत.” मग दर रविवारी तो मंडईत बसू लागला. मांजरी गावाहून मेथी-कोथिंबीर घेऊन येणाऱ्या वेणूबाईंच्या समोरच त्याची जागा. त्यांनी पहिलं चित्र हातात घेऊन पाहिलं आणि कडाडल्या, “आरं चित्रकारा, माझी मान काय बगळ्यावानी हाय व्हय? आन् दोन बोटं कुनाला दिलीस?” दर रविवारी त्या आपली मान आणि बोटं तपासून घ्यायच्या आणि मगच गिऱ्हाइकाकडे वळायच्या. मलाही इतकी कडक तपासणी जमली नसती.

वर्षभराने एकदा त्याने मला वेणूबाईंचं चित्र दाखवलं. जुडी बांधताना दोरा दातात धरलेला, कपाळावर आठी, बोटं पाच. मान होती तेवढीच. मी चूक शोधली. सापडली नाही, आणि तसं त्याला सांगितलंही. तो लहान मुलासारखा हसला.

कल्याणीनगरच्या कंपनीने त्याला पुन्हा बोलावलं आणि घेतलंही. त्याच आठवड्यात जपानहून निरोप आला. तानिमोतो थकले होते, मालिका संपवायची होती. शेवटच्या सिनेमात जहाज बुडणार आणि सगळे तोवारू मरणार. त्यांचं मरण ओव्हाळ यांनी काढावं, आणि या वेळी पहिली चित्रंही त्यांनीच काढावीत.

पहिली चित्रं! इतकी वर्षं ज्यासाठी तो झुरला, ते आता मिळत होतं. मी म्हटलं, “वेडा आहेस का? सरळ निघून जा.” तो म्हणाला, “ताई, दुसरा कुणीतरी काढेल आणि ते मरताना तोवारू राहणार नाहीत. एवढं करतो आणि सुटतो.” नव्या कंपनीचे लोक भले निघाले, सिनेमा पुरा होईपर्यंत थांबतो म्हणाले. इकडे देवस्थळींनी आम्हा सगळ्यांना सांगून टाकलं की या सिनेमानंतर कागदाचं काम बंद, आपापलं बघा. कागदावर आता आम्ही पंचवीसेक जण उरलो होतो. रंगकामातल्या विजयमालाच्या नवऱ्याची फॅक्टरी आधीच बंद पडली होती. ती ब्रश धुता धुता नुसती बसून राहायची.

अनिरुद्धने तोवारूंचं मरण काढलं. पाणी चढतंय आणि तोवारू वर पळत नाहीत. वर जायचं असतं हे त्यांना माहीतच नाही. ते लहानांना मांडीवर घेतात आणि चारही हातांनी त्यांचे कान झाकतात, पाण्याचा आवाज येऊ नये म्हणून. शेवटी एकेकाची झालर थांबते. मी कागद उलटले ते काम म्हणून, आणि मग पुन्हा उलटले ते काम नव्हतं. विजयमाला म्हणाली, “मला हे रंगवायला सांगू नका.” मग तिनेच रंगवलं.

सिनेमा जपानमध्ये लागला. इथे अनिरुद्धने टेबल आवरलं, पेन्सिली वाटून टाकल्या. सोमवारी कल्याणीनगरला हजर व्हायचं होतं. शनिवारी दुपारी देवस्थळी पेढ्यांचा पुडा घेऊन धावतच आले. मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं.

“अरे, जपान रडतंय!” ते ओरडले. “लोकांनी थिएटरबाहेर फुलं वाहिली! पत्रांचे ढीग! तोवारू मरूच शकत नाहीत म्हणे. पाण्याखाली जिवंत राहिले, अशी नवी मालिका काढतायत. पाच वर्षांचं काम! कुणीही जायचं नाही, सगळे राहणार!” मग अनिरुद्धकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, “कलम तेच आहे. तुझा हात असेल तरच.”

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, पण त्या लगेच थांबल्या. एकेक जण अनिरुद्धकडे पाहायला लागला. कुणी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर त्याला नाही तरी म्हणता आलं असतं. विजयमालाच्या हातात पेढा तसाच होता; अनिरुद्धने खाल्ल्याशिवाय ती खाणार नव्हती. माझीही नोकरी वाचत होती. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची चीड आली.

अनिरुद्धने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. विजयमालाने डोळे पुसले आणि आपलाही खाल्ला. मग तो माझ्या टेबलाशी आला.

“ताई, दीपालीला तुम्ही सांगाल? माझ्याने नाही होणार.”

मी इस्पितळात फोन लावला. ती धावत आली असावी, तिला धाप लागली होती. माझा आवाज ऐकताच म्हणाली, “हेमाताई, सुटले ना हे? मेले ना एकदाचे सगळे?”

“नाही गं,” मी म्हटलं. “त्याने इतके छान मारले की सगळे परत जिवंत झाले.”