सूर्य मावळल्यावर येणारे आप्पा

मी चष्मेवाला माणूस. बेळगावात खडेबाजारात माझं दुकान आहे. डोळ्याला दिसत नाही ते भिंगातून दिसतं, यापलीकडं मी कधी कशावर विश्वास ठेवला नाही. या सदरातले अनुभव आजवर मी चहाबरोबर हसायला म्हणून वाचत आलो. आता मीच लिहायला बसलोय, म्हणजे काय वेळ आलीय बघा...

आमच्याकडं दुपारी दुकानं बंद असतात. घर कॅम्पात आहे. जेवायला घरी येतो आणि जेवण झालं की थोडा आडवा होतो. वर्षानुवर्षांची सवय. पण गेल्या वर्षी निपाणीला आप्पा गेले — माझे वडील — आणि त्यानंतर या झोपेचं काहीतरी बिघडलं. झोप उघडायची, पण अंग उघडायचं नाही. वरचा पंखा दिसतोय, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकू येतेय, पण बोट हलेना. छातीवर ज्वारीचं पोतं ठेवल्यासारखं दडपण. आणि दाराशी कुणीतरी उभं आहे असं नक्की वाटायचं. एकदा मी आतल्या आत जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, तेव्हा माझी बायको सुजाता खोलीत आली, माझ्याकडं बघितलं, फोनवर कुणाला तरी "गाढ झोपलेत" म्हणाली आणि जाताना पंखा बंद करून गेली.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस. शेजारच्या काकू म्हणाल्या, उशाखाली विळा ठेवा, मुंजा बसतोय छातीवर. समोरचा घड्याळवाला म्हणाला, गॅस आहे. आई म्हणाली, णमोकार मंत्र म्हण. अगं, जीभ हलत असती तर आधी सुजाताला हाक मारली नसती का? शेवटी डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, मेंदू आधी जागा होतो आणि शरीर मागून. घाबरू नका, उताणं झोपू नका, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. अंगठ्याचा उपाय खरंच लागू पडतो, कुणाला त्रास असेल तर करून बघा. पण मी कुशीवर झोपलो तरी उठताना उताणाच असायचो, त्याला काय करणार?

मोबाईलवर याचीच माहिती शोधताना 'लुसिड ड्रीम' हा प्रकार सापडला. म्हणजे स्वप्नात असतानाच हे स्वप्न आहे हे कळणं. एकदा कळलं की म्हणे स्वप्न आपल्या हातात, उडा, समुद्रावर चाला, हवं त्याला भेटा. मला उडायचं नव्हतं. मला आप्पांना गाठायचं होतं, आणि त्याचं कारण माझी आई.

हे नीट सांगायला पाहिजे. आम्ही निपाणीकडचे शेतकरी जैन. सूर्य मावळला की जेवायचं नाही, हे आमच्या घरात घड्याळापेक्षा पक्कं. शिवाय चातुर्मासात आई-आप्पांनी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता — चार महिने कांदा-लसूण बंद. त्याच चातुर्मासात एका संध्याकाळी आईनं दोडक्याची भाजी आणि भाकरी करून ताट वाढून ठेवलं होतं. आप्पा उशिरा आले, पाय धुतले, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "मावळला की. ऱ्हाऊ दे." तसेच झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत. झाकलेलं ताट तसंच होतं.

तेव्हापासून आईनं एकच धरलं — माझा माणूस उपाशी गेला. आम्ही तिला बेळगावला आणलं. सकाळी थोडं खायची, पण संध्याकाळचं ताट समोर आलं की हात जोडायची. तिला साखर आहे, गोळ्या चालू आहेत. उपाशीपोटी गोळी घेऊन दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असं चाललं तर एक दिवस ती पडेल ती उठणार नाही. मी समजावलं, रागावलो, बहिणीला बोलावून तिलाही रडून विनवायला लावलं. आईचं उत्तर ठरलेलं. "त्येंच्या पोटात न्हाय, माझ्या पोटात कसं जातंय रं?"

तर मी म्हटलं, स्वप्नात का होईना, आप्पांना एकदा जेवायला घालू. म्हणजे निदान माझ्या डोक्यातलं तरी शांत होईल. तुम्ही हसाल... हसा.

या विद्येत दिवसभर अधूनमधून तपासायचं असतं की आपण जागे आहोत का. नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा, स्वप्नात म्हणे बंद नाकानंही घेता येतो. दुकानात मी दोन-तीनदा नाक धरलेलं बघून काकती गावचं एक नेहमीचं गिऱ्हाईक, जे मला डॉक्टरच समजतं, म्हणालं, "डॉक्टर, चष्म्याचं ऱ्हाऊ दे, तुमास्नी बरं हाय न्हवं?" मग मी नाक सोडलं आणि स्वतःची युक्ती काढली. मी कन्नड फाडफाड बोलतो, पण वाचायचं म्हणजे मराठी शाळेत पास होण्यापुरतं शिकलेलो. एकेक अक्षर जुळवून बसची पाटी वाचेपर्यंत बस निघून जाते. म्हटलं, ज्या क्षणी कन्नड पाटी एका दमात वाचता येईल, त्या क्षणी समजायचं की हे स्वप्न आहे.

आणि जमलं. एका दुपारी अंग जखडलं तेव्हा धडपड न करता पडून राहिलो, आणि थोड्या वेळानं मी निपाणीच्या घराच्या दारात उभा होतो. कोपऱ्यावर चिकोडीची बस थांबलेली आणि तिची पाटी मी सरळ वाचून मोकळा. इतका आनंद झाला की त्या आनंदानंच जाग आली. डोक्याला हात लावला.

पुढच्या वेळी मी सावध होतो. पाटी वाचली आणि शांत राहिलो. उजेड नुकताच गेलेला, तांबूस. आप्पा आले. तीच टोपी, तीच चाल. पाय धुतले, आभाळाकडं बघितलं, म्हणाले, "मावळला की. ऱ्हाऊ दे." आणि आत निघून गेले.

त्यानंतर जेव्हा जेव्हा जमलं तेव्हा हेच. बाहेर भर दुपार, मी पोटभर जेवून झोपलेला, आणि स्वप्नात मात्र दर वेळी सूर्य नुकताच गेलेला. एकदा ठरवून गेलो. हे माझं स्वप्न आहे, मी म्हणेन ते झालं पाहिजे. आभाळाकडं बघून सूर्याला वर यायला सांगितलं, आधी मनात आणि मग मोठ्यानं. ढिम्म. तोवर आप्पा आलेच.

मी म्हटलं, "आप्पा, हे स्वप्न आहे. इथला सूर्य माझा आहे. बसा जेवायला."

"तुजा असंल," आप्पा म्हणाले. "माजा मावळलाय."

जिवंतपणी कुणाचं ऐकलं नाही, ते मेल्यावर काय ऐकणार? माझं डोकंच फिरलं. इतक्या महिन्यांचं सगळं त्यांच्यावर काढलं. म्हटलं, तुमचा नियम तुमच्याजवळ ठेवा, तिकडं आई तुमच्यापायी संध्याकाळची उपाशी झोपते, दोनदा पडली, तिला काय झालं म्हणजे मी काय करू? बापाशी मी असा जन्मात बोललो नव्हतो.

आप्पा थांबले. टोपी काढली, परत घातली. अडचणीत सापडले की ते असंच करायचे.

"माज्यापायी? मी कुठं उपाशी गेलतो? भजी खाऊन आलतो की."

"कसली भजी?"

"कांद्याची," ते खाली बघत म्हणाले. "गुरुजी होते संगट. शेवटचा घाणा, त्योबी करपलेला. पन खाल्ली समदी." आणि आत जाता जाता वळून म्हणाले, "तिला सांगू नगं."

जाग आली ती जखडलेल्या अंगातच. दडपण होतं, दाराशी कुणीतरी होतंही, पण या वेळी भीती वाटली नाही, वैताग आला. म्हणजे सांगू नये, आणि आईनं मरावं? अंगठा हलवून सुटलो, आणि संध्याकाळचं दुकान बंदच ठेवून निपाणीची बस पकडली. सुजाता विचारत होती कुठं चाललात, तर काय सांगणार होतो तिला, भजीची चौकशी करायला?

गुरुजी म्हणजे आप्पांचे जुने मित्र, निवृत्त मास्तर. आप्पांच्या मातीला आणि नंतर आईला भेटायला ते आले होते, पण दोन्ही वेळा तोंडातून शब्द काढला नव्हता. मी मुद्दाम भजीचं नाव काढलं नाही, स्वप्नाचंही नाही. फक्त विचारलं, "गुरुजी, आप्पा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते कुठं होते?"

गुरुजींनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"मी तर कुणाला बोललो न्हाय. त्यानं मला शपथ घातलती." ते खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "स्टँडजवळ गाड्यावर बसलतो दोघं. पाऊस होता, गाडेवाला आवरत होता. शेवटचा घाणा करपला म्हणून तुझा बाप त्याच्याशी भांडला, आणि मलाबी न देता सगळी भजी एकट्यानं खाल्ली. वर म्हणतोय, घरी सांगू नगा, चातुर्मास चाललाय. सूर्य मावळल्यावरच घरी जातो, म्हंजे ती जेवायला बस म्हणणार न्हाय... आणि तुझी आई रडायला लागली की उपाशी गेला, उपाशी गेला. मी काय बोलू रं? मेलेल्या माणसाचा नियम मोडल्याचं त्याच्या बायकोला सांगू?"

खरं सांगतो, मी मनात सगळा हिशेब लावून बघितला. त्या संध्याकाळी मी बेळगावात दुकानात होतो. गुरुजींशी माझं तोवर कामापुरतंही बोलणं नव्हतं. आणि करपलेला घाणा मला कसा कळावा?

परतीच्या बसमध्ये काकतीपर्यंत एकच विचार. आमच्यात नियम मोडणं ही साधी गोष्ट नाही, आणि आईसाठी तर मुळीच नाही. उपाशी गेला हे दुःख बरं की नियम मोडून गेला हे बरं? आणि आप्पांनी "सांगू नगं" म्हटलेलं. स्वप्नात असो की कशात असो, बापाचा शेवटचा शब्द तो. पण दोनदा पडलेली आई डोळ्यासमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई गॅलरीत बसली होती. ऊन अजून होतं. मी शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. स्वप्नाचं नाही सांगितलं, गुरुजींनी सांगितलं एवढंच.

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "कांद्याची?"

"हं."

"चातुर्मासात?"

"हं."

"आनी म्हनून उशिरा आला व्हय? मी दारात उभी, ताट वाढून, आनी ह्यो मानूस मुद्दाम सूर्य बुडायची वाट बघत बसलाय?" वर्षभरात आईचा आवाज पहिल्यांदा चढला होता. सुजाता ओट्यापाशी होती, ती हातातलं टाकून धावत आली. "महाराजांच्या समोर हात जोडून नियम घेतलावता त्येंनी. आनी मी हितं त्येंच्यासाठी पोट जाळत बसलीया. वाढ गं सुजाता. ऊन हाय तोवर वाढ."

आईनं दीड भाकरी खाल्ली. खाताना शिव्या चालू होत्या, आणि मधेच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. घास हातात धरून म्हणाली, "करपलेलीच खाल्ली का रं त्येंनी? घरात ताजं होतं की." मग तो घास खाल्ला. सुजातानं माझ्याकडं बघितलं आणि मला तिथून उठावं लागलं, कारण मलाही आवरेना.

आता आई रोज ऊन असताना जेवते. साखर ताब्यात आहे. आप्पांच्या नावानं तिनं बस्तीत प्रायश्चित्तही घेतलं, आणि अजून रोज एकदा तरी त्यांना नावं ठेवते.

मी सगळी कारणं लावून बघितली. लहानपणी कधी आप्पांना चोरून भजी खाताना बघितलं असेल आणि ते मनात राहिलं असेल. गुरुजींच्या चेहऱ्यावरून काही ताडलं असेल. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, मेंदू फार हुशार असतो. असेल. पण माझा मेंदू इतका हुशार असता तर मला वर्षभर आधी सांगितलं नसतं का? आणि करपलेला घाणा कुठून आणला त्यानं?

अंग जखडणं बंद झालंय. स्वप्नात जाणं अजून जमतं. निपाणीचं दार असतं, तांबूस उजेड असतो. फक्त आप्पा येत नाहीत. मी हाका मारतो, उभ्या उभ्या भांडतो, माफी मागतो. म्हणतो, आप्पा, तुम्ही सांगू नको म्हणालात आणि मी सांगितलं, पण आई जेवायला लागली हो. घरातून कुणी ओ देत नाही. जाग येते तेव्हा स्वयंपाकघरात आई सुजातावर ओरडत असते की भाकऱ्या लवकर टाक.